पाय संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल: माझा गुंता कसा सुटला

तक्रार अशी. वय ७०. दुपारचं जेवण झालं की दोन्ही घोटे भरायला लागतात. संध्याकाळी सातला चपलेचा पट्टा रुततो. रात्री नडगीवर अंगठा दाबला तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. सकाळी उठावं तर पाय जवळजवळ पहिल्यासारखे. दुखत काही नाही, पण भिजलेली गोधडी पायाला बांधून चालल्यासारखं जड वाटतं. हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड, सगळं तपासून झालंय आणि सगळं ठीक आहे. "वयोमानाने होतं, आजी" हेही दोन ठिकाणी ऐकून झालंय.

ही तक्रार माझी होती, चांगलं वर्षभर. डोंबिवलीत २६ वर्षं मी पोळीभाजी केंद्र चालवलं. रोज सात-आठ तास ओट्यापाशी उभी. ते बंद केलं तेव्हा म्हटलं, सुटले बिचारे पाय. पण सुजायला लागले ते नेमके त्यानंतर. सगळ्यात आधी जोडवी रुतायला लागली. मला वाटलं, बसून बसून अंग सुटलं. साबण लावून काढली, डब्यात टाकली आणि विसरले. तुमचीही जोडवी किंवा अंगठी रुतत असेल तर आजच काढून ठेवा. सूज चढल्यावर मग सोनाराकडे जाऊन कापावी लागतात.

घाई कोणी करायची

पुढचं सगळं माझ्यासारख्यांसाठी आहे: दोन्ही पाय, हळूहळू वाढलेली सूज, रात्रीत उतरणारी. तुमचं चित्र वेगळं असेल तर वाचत बसू नका.

एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. असा पाय तेल लावून रगडायचा नाही, कोणी कितीही मायेने म्हटलं तरी. आठ-नऊ तासांचा बसप्रवास, मुलांकडे अमेरिकेला जाताना-येतानाचं विमान, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळून काढलेले दिवस, यांच्यानंतर एक पाय सुजला तर आणखीच लवकर. त्यात अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट १०८ ला फोन.

आडवं पडल्यावर दम लागतो, एका उशीच्या तीन उशा झाल्यात, रात्री धाप लागून उठून बसावं लागतं, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने चढलं, अशी लक्षणं असतील तर हृदय बघायला हवं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा आणि लघवीला न विरणारा फेस असेल तर किडनी. पायांबरोबर पोटही वाढलं, परकराची नाडी पुरेना झाली, तर लिव्हर, आणि बायकांनी ओटीपोटाची सोनोग्राफीसुद्धा. कातडी लाल, गरम आणि ताप असेल तर तो जंतुसंसर्ग, त्याला गोळ्या लागतात, लेप नाही.

एक पाय वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत गेला आणि त्यावर दाबून आता खळगाही पडत नाही, तर ती गोष्ट वेगळी. ती रसवाहिन्यांची, म्हणजे मांसात झिरपलेलं पाणी परत नेणाऱ्या बारीक नळ्यांची (लिम्फ) सूज. कॅन्सरच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा किरणोपचारानंतर ती येते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या बाजूला राहिलेल्यांनी हत्तीरोगाची शंका डॉक्टरांना आवर्जून बोलून दाखवावी. त्याची रक्ततपासणी रात्री करतात, कारण ते जंतू रात्रीच बाहेरच्या रक्तात उतरतात. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या हे पटकन डोक्यात येईलच असं नाही.

मी काय काय करून बसले

गरम पाण्यात सैंधव घालून पाय बुडवून बसायचे. सगळ्यांनी सांगितलेला उपाय. अर्धा तास छान वाटायचं आणि तासाभराने पाय आधीपेक्षा टम्म. कारण साधं आहे, पण मला फार उशिरा कळलं: गरमीने शिरा सैल पडतात, रक्त खाली जास्त साठतं. माझ्या पायांना गार पाणीच मानवतं. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची संवेदना गेली आहे त्यांनी तर गरम पाण्याच्या वाटेलाच जाऊ नये. भाजलेलं कळत नाही.

मग पाणी कमी केलं. "अंगात पाणी धरलंय" हे वाक्य मी शब्दशः घेतलं, आणि दिवसाला चार भांडी पाणी पिऊन बद्धकोष्ठ ओढवून घेतलं. सूज होती तिथेच. पाणी मोजून पिण्याचा सल्ला डॉक्टर काही हृदयरोग्यांना, किडनीच्या रुग्णांना किंवा सोडियम खाली गेलेल्यांना देतात. आपल्या मनाने पाणी तोडायचं कारण नाही.

मग पायाखाली स्टूल. खुर्चीत बसून पाय समोरच्या बुटक्या स्टुलावर. यात मी सहा महिने घालवले. पाय वर ठेवायचे म्हणजे छातीपेक्षा वर, हे कोणी फोड करून सांगितलंच नव्हतं. खुर्चीत बसल्यावर समोर स्टूल असो की टीपॉय, पाय छातीच्या खालीच राहतात. मागे कलणाऱ्या महागड्या खुर्चीतही बहुतेक वेळा तेच होतं. पलंगावर उताणं पडायचं, पोटऱ्यांखाली दोन गोधड्यांची घडी ठेवायची, गुडघे किंचित वाकलेले. दिवसातून तीन वेळा १५-२० मिनिटं. फरक दोन दिवसांत टेपवर दिसला. टेपचं पुढे सांगते.

क्रेप बँडेज हा आणखी एक उद्योग. पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर सैल असं मी ते गुंडाळायची, म्हणजे नेमकं उलट. संध्याकाळी बोटं बटाटेवड्यासारखी.

शेजारच्या काकूंनी गावाहून घेटुळी आणून दिली, म्हणजे पुनर्नवा. भाजी चवीला बरी लागते, भाजी म्हणून खा. काढा मात्र घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लघवी वाढवणारं औषध म्हणून ती घेतात, आणि माझ्या सुजेला लघवी वाढवून उपयोग नव्हता. हे मला त्याहून महाग पद्धतीने कळलं.

लघवीची गोळी

सगळ्या तपासण्या ठीक आल्यावर एका डॉक्टरांनी लघवी जास्त होण्याची गोळी लिहून दिली. पहिला आठवडा सूज थोडी कमी वाटली, मी खूश. मग रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. बेसिनपाशी उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तिसऱ्या आठवड्यात बोलताना शब्द सापडेनात. सूनबाईने रक्त तपासून घेतलं तर सोडियम १२८. ते १३५ च्या वर असायला हवं. गोळी बंद झाली, डोकं ताळ्यावर आलं. पाय होते तसेच.

इथे एक प्रश्न कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. सूज सुरू झाली त्याच्या थोडं आधी कोणतं नवं औषध सुरू झालं होतं किंवा कशाचा डोस वाढला होता?

उत्तर माझ्या फाइलमध्येच होतं. २०२३ च्या दसऱ्याच्या सुमाराला माझ्या बीपीच्या अम्लोडिपिनचा डोस ५ मिलिग्रॅमवरून १० वर नेला होता. दिवाळी संपता संपता जोडवी रुतली. मी दोष दिला चकली-शेवेला.

अम्लोडिपिन चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, आपल्याकडे घरोघरी आहे. पण पायांची सूज हा त्याचा सगळ्यांना ठाऊक असलेला दुष्परिणाम. आणि तो डोसबरोबर वाढतो. औषधाच्या अधिकृत माहितीत ५ मिलिग्रॅमवर शंभरात तिघांना सूज आल्याचं दिलंय, १० वर शंभरात जवळजवळ अकरांना. बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरीच जास्त.

ते का होतं हे मला डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. हे औषध हृदयाकडून रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या सैल करतं, म्हणून बीपी उतरतं. पण रक्त परत नेणाऱ्या बारीक शिरा त्या मानाने तशाच राहतात. आत येणारा नळ मोठा केला, मोरी तेवढीच ठेवली. मधल्या केशवाहिन्यांमध्ये दाब वाढतो आणि रक्तातलं पाणी झिरपून मांसात उतरतं. पृथ्वीच्या ओढीने ते घोट्यापाशी जमतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेलंच नव्हतं, असलेलं चुकीच्या जागी गेलं होतं. अशा वेळी लघवीची गोळी रक्तातलं पाणी आणि मीठ काढून घेते. घोट्यातलं तिच्या हाती फारसं लागत नाही. एका औषधाच्या दुष्परिणामाला दुसरं औषध, त्या दुसऱ्याने घसरलेल्या सोडियमला तिसरं, अशी माळ लागते. माझ्या वयाच्या बायकांच्या पिशव्या उघडून बघा, निम्म्या गोळ्या अशाच माळेतल्या निघतील असं माझं मत आहे. मत आहे, आकडा नाही.

गोळीच्या पाकिटावर अम्लोडिपिन असं ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. दोन औषधं एकत्र असलेल्या गोळ्यांच्या नावापुढे 'एएम' किंवा 'एटी' असतं, तिथे बहुधा हेच असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, चष्मा नसेल तर नातवाला मोबाइलवर फोटो मोठा करायला सांगा.

बीपीच्या गोळीखेरीज इतरही सूज आणणारी औषधं आहेत. हातापायांच्या मुंग्यांसाठी देतात ते प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन. मधुमेहातलं पायोग्लिटाझोन. स्टेरॉइड. आणि आपण ज्यांना औषध समजतच नाही त्या दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची भावंडं. ती किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, बीपीही चढवतात. मी गुडघ्यासाठी आठवड्यातून तीन-चार घ्यायचे आणि डॉक्टरांना "बीपीशिवाय काही चालू नाही" असं सांगायचे. खोटं बोलत नव्हते, खरंच तसं वाटायचं. गुडघ्यावर रामबाण म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यामुळे पुडी चालू असेल तर तीही घेऊन जा.

आता माझा मूर्खपणा. हे कळल्याबरोबर मी अम्लोडिपिन स्वतःच बंद केलं. चौथ्या दिवशी बीपी १८४ आणि १०२. डॉक्टर रागावले आणि त्यांचं बरोबर होतं. सूज जिवावर उठत नाही, पण तेवढं बीपी उठू शकतं. गोळी बंद करायची नाही, प्रश्न घेऊन जायचं.

त्यांनी डोस परत ५ वर आणला आणि सोबत टेल्मिसार्टन हे बीपीचंच दुसऱ्या जातीचं औषध जोडलं. या जातीची औषधं परतीच्या बारीक शिराही सैल करतात, म्हणजे मोरीही मोठी होते. काहींना अम्लोडिपिनऐवजी सिल्निडिपिन देतात, त्याने सूज कमी येते. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टर किडनी आणि पोटॅशियम बघून ठरवतील. माझं पंधरा दिवसांनी दोन्ही तपासलं. आणि धीर धरा. अम्लोडिपिन अंगातून सावकाश उतरतं, अर्धं व्हायलाच ३० ते ५० तास. मला पहिला आठवडा काही दिसलं नाही, तिसऱ्या आठवड्यात चप्पल सैल झाली.

तरीही निम्मी सूज राहिली

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मिळालं कारण. मलाही तसंच वाटलं होतं. पण वही वेगळं सांगत होती.

वही म्हणजे सूनबाईची कल्पना. पोळीभाजीच्या हिशोबाची एक कोरी वही उरली होती. शिवणाची टेप घेतली, घोट्याच्या हाडापासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण केली. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी एक माप, संध्याकाळी सातला दुसरं. दोन्ही पायांची. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन. पुढे एका ओळीत: काय खाल्लं, किती बसले, कुठे गेले, कोणती गोळी. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, रोज बघितलेला पाय रोज सारखाच दिसतो.

सुरुवातीला संध्याकाळचं माप २६ सेंटिमीटर होतं, सकाळचं २३. औषध बदलल्यावर संध्याकाळचं साडेचोवीसवर आलं आणि तिथेच अडलं. शिवाय डावा पाय नेहमी उजव्यापेक्षा सेंटिमीटरभर जास्त. औषधाची सूज दोन्ही पायांना साधारण सारखी यायला हवी.

डावा पाय घेऊन मी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी, आधी झालाच होता, नॉर्मल म्हणून. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "काकू, हा झोपवून केला होता की उभं करून?" झोपवून. त्या तपासणीत गुठळी नाही एवढंच बघितलं होतं. शिरांच्या झडपा गळतात का हे बघायचं असेल तर माणसाला उभं करून, पोटरी दाबून सोडतात आणि रक्त उलटं किती वेळ खाली येतं ते मोजतात. वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं आलं तर झडप गळतेय. माझ्या डाव्या पायात गळत होती. फुगलेल्या निळ्या गाठी कुठेही नव्हत्या, त्यामुळे कोणाला शंका आली नव्हती. घोट्याच्या आतल्या बाजूला तपकिरी डाग होता, खाज यायची. तो मी ओट्याखालच्या डब्याला घासून पडलेला समजत होते.

म्हणून एवढं नक्की विचारा: डॉप्लर कशासाठी लिहिलाय, गुठळीसाठी की झडपांसाठी. नाव एकच, तपासण्या दोन.

२६ वर्षं उभं राहण्याचं हे व्याज. पायातलं रक्त वर चढवायला दुसरं हृदय नाही, ते काम पोटरी करते. चालताना ती आवळली की शिरेतलं रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभं राहिलं की पंप बंद. खुर्चीत पाय लोंबकळत बसलं की तेच. केंद्र बंद झाल्यावर मी चार तास टीव्हीपुढे बसायला लागले होते, आणि दोन-दोन तास तिथेच डुलकी. खुर्चीतली झोप हा सुजेच्या बाबतीत फार मोठा गुन्हेगार आहे. पाठदुखीमुळे किंवा दम्यामुळे जे आजी-आजोबा रात्रही खुर्चीतच काढतात, त्यांच्या पायांना उतरायला वेळच मिळत नाही.

म्हणजे माझ्या बाबतीत कारण एक नव्हतंच. गळकी झडप बरीच जुनी असणार, ती एकटी होती तोवर पाय निभावून नेत होते. त्यात बसणं वाढलं, गुडघ्याच्या गोळ्या वाढल्या, अम्लोडिपिन दुप्पट झालं. प्रत्येक डॉक्टर आपापल्या खोलीत एकेक मोठं कारण शोधत होता, आणि ते नाही म्हटल्यावर "काही नाही" असं लिहीत होता. उतारवयातली सूज पुष्कळदा अशी किरकोळ उधारी साठून झालेली असते.

मोजे, आणि त्यांच्याशी भांडण

गळक्या झडपेसाठी मला पायाला आवळून धरणारे दाबाचे मोजे सांगितले. ते घेण्याआधी पायातल्या धमन्या ठीक आहेत ना ते तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल, तंबाखू असेल किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबावं लागत असेल तर. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून ते बघतात, दुखत नाही. धमनी अरुंद असताना वरून दाब दिला तर पायाला इजा होते. मापही दुकानदाराच्या अंदाजाने नको, सकाळी, पाय उतरलेले असताना घोटा आणि पोटरी मोजून.

मला आधी दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे घोट्याशी पाऱ्याचे साधारण २३ ते ३२ मिलिमीटर दाबाचे मोजे दिले. ते चढवताना मी आणि आमचे हे, दोघंही घामाघूम. चार दिवसांनी ते कपाटात गेले. डॉक्टरांना खरं सांगितल्यावर त्यांनी पहिल्या वर्गाचे दिले, १८ ते २१ चे, गुडघ्याखालचे, बोटं उघडी. हे मी खरोखर घालते. युक्ती अशी: भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, मोजा आतून बाहेर उलटा करून टाचेपर्यंत बसवा, मग तळहाताने वर सरकवत न्या. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की ती दोरी होते. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आधी घालायचे, रात्री काढायचे. एकदा दुपारी दोनला घातले होते, सुजलेल्या पायावर. मोज्याच्या वर गुडघ्यापाशी वळी आली.

डोंबिवलीच्या मे महिन्यात हे मोजे म्हणजे शिक्षा. मी तेव्हा दुपारी बारा ते चार काढून ठेवते आणि तेवढा वेळ आडवी असते. डॉक्टरांना हे पसंत नाही, पण त्यांच्या केबिनला एसी आहे.

मीठ

मिठाबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात भाजीतलं, भाकरीतलं, फरसाणातलं सगळं आलं. माझी भाजी आळणी होऊनही हिशोब जमेना, कारण मीठ भाजीत नव्हतंच. ते होतं दुपारच्या ताकात, पोह्याच्या पापडात, लोणच्यात, सांडगी मिरचीत, चहाबरोबरच्या खारी-बटरात. पापडखार आणि खायचा सोडा हे चवीला खारट वाटत नसले तरी सोडियमच. पोट गच्च वाटलं की मी पाण्यात फसफसणारी पूड घ्यायची, ती तर जवळजवळ सोडाच. सैंधव म्हणजे चालतं, हाही गैरसमज, तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. आणि बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल किंवा किडनी कमकुवत असेल तर ते विचारल्याशिवाय घरात आणू नका.

मिठाने माझा फरक पाव ते अर्धा सेंटिमीटर. लग्नाच्या पंगतीनंतर मात्र वहीत दुसऱ्या दिवशी हमखास उडी दिसते.

जे खात नाहीत त्यांच्याबद्दल एक वाक्य. चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या एकट्या माणसांच्या रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी धरून ठेवणारं प्रथिन, खाली जाऊ शकतं, आणि मग पाणी रक्तात ठरत नाही. त्यांना कमी खा सांगण्यापेक्षा वरण, अंडं, दही द्या आणि तपासणी करा.

सध्या काय चालू आहे

ओट्याला धरून टाचा उचलणं, वीस वेळा, दिवसातून चारदा. कुकरच्या शिट्ट्या मोजताना करते म्हणजे विसरत नाही. टीव्हीवर जाहिरात लागली की पाऊल वर-खाली, गोल. संध्याकाळी अर्धा तास चालणं, आधी मोजे. घोट्याला खोबरेल तेल, हलक्या हाताने, कारण ताणलेली कातडी कोरडी पडून चिरते आणि चिरेतून जंतू शिरतात. बोटांच्या बेचक्या कोरड्या. चिपळूणला जाताना गाडीत दर तासाला उठून डब्याच्या टोकापर्यंत. दुखण्याच्या गोळीऐवजी गुडघ्याला मलम आणि व्यायाम, फारच झालं तर पॅरासिटामॉल, तेही पाण्यात विरघळणारं नाही, त्यात सोडियम असतं.

पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू चार इंच उचलली आहे. ज्यांना आडवं पडल्यावर दम लागतो किंवा रात्री घशाशी आंबट येतं त्यांनी हे करू नये. झडपेवर लेझरचा उपाय सुचवलाय, मी अजून ठरवलेलं नाही. डाग वाढला किंवा जखम झाली तर करेन म्हटलंय.

कालचं माप: सकाळी २२.८, संध्याकाळी २३.६. परवा हळदीकुंकवाला दोन तास सतरंजीवर बसले, २४.४. जोडवी सोनाराकडून उघड्या तोंडाची करून आणलीत, दाबली की आवळतात, सैल केली की सुटतात. ती सकाळी घालते आणि दुपारच्या चहाला काढते.